मळ कुठवर गेलाय

"पुस्तक चांगलं की वाईट हे पुस्तकाला विचारायचं नसतं, वाचणाऱ्याच्या मळाला विचारायचं असतं."

असं तो जन्मात एकदाच बोलला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, बायकोला. त्यानंतर ह्या विषयावर त्यानं तोंडाला कुलूप घातलं, कारण त्याचं पोट त्याच एका वाक्यावर चाललं होतं.

तो जुनी पुस्तकं विकायचा. जिन्याखालचं दुकान. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. समोर तंत्रशाळा, आजूबाजूला कॉम्प्युटरचे क्लास. त्यामुळे दुकानात फक्त गाईडं. कथा-कादंबऱ्या तो ठेवत नसे. कवितेची पुस्तकं तर इतकी कोरी विकायला येत की त्यांना हात लावायची त्याला भीती वाटे.

पुस्तक विकायला आलं की तो ते मिटून दिव्याखाली आडवं धरायचा, एक डोळा बंद करायचा आणि पानांची कड बघायचा. पोरांना वाटे, कसर लागली आहे का बघतोय. म्हणून त्यांनी त्याला 'भिंग' असं नाव ठेवलं होतं. तोंडावर भिंगकाका, पाठीमागे नुसतं भिंग. तो बघत असायचा तो मळ. वाचलेल्या पानांची कड बोटांनी काळपट होते, न वाचलेली पांढरी राहतात. काळं जिथे संपतं तिथे तो नख घालून पुस्तक उघडायचा. वाचणारा नेमका त्या पानावर मेलेला असे.

जावासारखी भाषा शिकताना पोरं कुठे मरतात हे त्याला असं कडेवरून पाठ झालं होतं. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून काढलेली वस्तू, इथवर कड काळी. पुढे एका साच्याचे गुण वारशानं दुसऱ्या साच्याकडे जातात ते प्रकरण. तिथे निम्मी पुस्तकं पांढरी पडत, भीतीनं माणूस पडावा तशी. एखाद्याच गाईडाचा मळ शेवटच्या पानापर्यंत पोचलेला असे, आणि एकाच्या नाही, दहाही प्रतींचा. ते गाईड तो बाजूला काढून ठेवायचा आणि पोरांना द्यायचा. पोरं पास व्हायची. त्याला स्वतःला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. कॉम्प्युटरचं बटण त्यानं कधी दाबलं नव्हतं. पण पोरांना वाटे, ह्या माणसानं सगळी गाईडं कोळून प्यायली आहेत. त्यानं कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आणि नाही न म्हणण्याला माणसं हो समजतात.

जीभ मात्र करवतीसारखी.

"काका, जावासाठी कुठलं घेऊ?"

"आधी काही शिकलायस?"

"थोडं सी लँग्वेजचं केलंय."

"थोडं केलंय म्हणजे सोडलंय. हे घे."

"ते जाडं नको का? सगळे म्हणतात त्यात सगळं आहे."

"सगळं आहे म्हणूनच कोणी वाचत नाही. उशाला हवं असेल तर ने, मान सरळ राहते."

एका मुलीनं एकदा दबक्या आवाजात विचारलं होतं, "मला जमेल का हो?" त्यानं तिच्या बोटांकडे बघितलं. "नखं कुरतडतेस. तिसऱ्या प्रकरणात रडशील, चौथ्यात हे मला परत विकायला येशील. मी निम्म्यात घेईन." ती रडली तिसऱ्या प्रकरणाची वाट न बघताच. त्याला काही वाटलं नाही. पुस्तक मात्र त्यानं तिला योग्य तेच दिलं.

तो अठ्ठावन्न वर्षांचा असताना मालकानं इमारत विकली. दुकान खाली, राहायची खोली वर. दोन्ही महिनाअखेर रिकामी करायची. बायको तीस वर्षं वरच्या खोलीत बसून फाटक्या पुस्तकांचे कणे खळीनं चिकटवत आली होती. बातमी ऐकून तिनं हातातलं पुस्तक पूर्ण चिकटवलं, दाबाखाली ठेवलं, आणि मग विचारलं, "जायचं कुठे?"

त्याच आठवड्यात संस्थेचे संचालक स्वतः पायरी उतरून आले.

संस्था म्हणजे शहरभर अकरा शाखा असलेला कॉम्प्युटर क्लास. संचालक गुळगुळीत दाढीचे, चाळिशीतले. आत येताना वाकले आणि वाकलेलेच राहिले, छत ठेंगणं होतं म्हणून.

"काका, ओळखलंत? अठरा वर्षांपूर्वी ह्याच पायरीवर उभा होतो. तुम्ही म्हणालात, तुझं डोकं बोथट आहे, तुला पातळ पुस्तक देतो."

"मग? पातळ लागू पडलं का?"

"पडलं म्हणून तर संचालक झालो." ते मोठ्यानं हसले. मग आवाज उतरवला. "एक काम होतं. आमच्या अकराही शाखांना जावाचं एकच गाईड लावायचंय. तीन जणांची समिती आहे. अध्यक्षबाई, एक व्यापारी, आणि तिसरा माणूस बाहेरचा हवा. बाईंनीच तुमचं नाव सुचवलं. त्यांच्या भाचीला तुम्ही पुस्तक दिलं होतं म्हणे, ती आज मोठ्या कंपनीत आहे."

"गाईडं कुठली कुठली?"

"पाच आहेत. एक माझं आहे." संचालकांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "लेखक म्हणून मला मत नाही. तुम्हाला योग्य वाटेल तेच सांगा, माझं दडपण नाही. आणि हो, लायब्ररीत एक माणूस घ्यायचाय. मागे दोन खोल्याही आहेत. ती जागा माझ्या सहीनं भरली जाते."

ते गेल्यावर तो स्टुलावर बसला. संचालकांचं गाईड त्याला चांगलं माहीत होतं. संस्थेत प्रवेश घेताना ते सक्तीनं घ्यावं लागे, आणि क्लास संपताना ते त्याच्याकडे येई. दोन वर्षांत एकतीस प्रती आल्या होत्या. एकतीसच्या एकतीस चाळिसाव्या पानाच्या आसपास पांढऱ्या. मधे एक तर इतकी कोरी होती की बायको म्हणाली, ह्याला कणाच मोडलेला नाही, मी काय चिकटवू? शेवटी त्यातल्या चार त्यानं टेबलाच्या चार पायांखाली घातल्या. टेबल डुगडुगायचं थांबलं. त्या पुस्तकाचा तेवढाच उपयोग त्यानं पाहिला होता.

वर गेल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती ब्रशवरची खळ निपटत होती.

"मग काय सांगणार आहात?"

"जे आहे ते."

"जे आहे ते ह्या खोलीत सांगा. तिथे जे हवंय ते सांगा."

"अगं, पोरं चाळिसाव्या पानावर अडकतात त्यात. एक नाही, एकतीस."

"आणि आपण एकतीस तारखेला रस्त्यावर. तुमची पोरं येणार आहेत का आपली ट्रंक उचलायला? आयुष्यभर त्यांना टोचून बोललात, एकानं तरी कधी वर येऊन पाणी मागितलं?"

ती म्हणाली ते खरं होतं, आणि खरं असलं की तिचा आवाज चढत नसे.

समितीची बैठक संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, काचेचं दार, भिंतीवर पास झालेल्यांचे फोटो. अध्यक्षबाई सत्तरीच्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला. व्यापारी घड्याळाकडे बघत होता. संचालक चिटणीस म्हणून कडेला वही घेऊन बसले होते. टेबलावर पाच गाईडं मांडली होती. पाचही नवी कोरी.

त्यानं सवयीनं पहिलं उचललं, आडवं धरलं, एक डोळा मिटला. कड पांढरी. दुसरं, तिसरं, चौथं. सगळी नुकत्याच कापलेल्या कागदासारखी, कोणाचं बोट न लागलेली. दोन गाईडं तर त्यानं पूर्वी कधी पाहिलीही नव्हती. नव्या पुस्तकापुढे आपण आंधळे आहोत हे तीस वर्षांत त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण नवं पुस्तक त्याच्या हातात कधी पडलंच नव्हतं.

पाचवं संचालकांचं. त्याला मात्र मळ बघायची गरज नव्हती.

"हे," तो म्हणाला.

"का?" बाईंनी विचारलं.

"भाषा सोपी आहे. उदाहरणं रोजच्या व्यवहारातली. पोरं कंटाळत नाहीत." वर्षानुवर्षं पोरांच्या तोंडून ऐकलेली वाक्यं होती, दुसऱ्या पुस्तकांबद्दलची. ती ह्या पुस्तकाला घालताना त्याची जीभ जड झाली.

"माझंही हेच," व्यापारी म्हणाला. "लेखक घरचा आहे, चुकला तर कान धरता येतो."

संचालकांनी वहीत दोन रेघा ओढल्या. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पिशवीतून एक कागद काढला आणि त्याच्यापुढे सरकवला. कागदावर हातानं उतरवलेला सात ओळींचा प्रोग्राम होता.

"माझं मत द्यायच्या आधी एक विचारते. ह्यात एक चूक आहे. तुम्हीच सांगा कुठे."

तो बघत राहिला. कंस उघडत होते, मिटत होते. मुंग्यांची रांग असावी तसं ते सगळं. आपल्याकडे तिघंही बघताहेत हे त्याला मानेवर जाणवत होतं. मग ओळीच्या शेवटी द्यायचं ते चिन्ह आठवलं. सेमीकोलन. सेमीकोलन राहिला म्हणून आख्खा दिवस गेला, ही रड त्यानं हजार पोरांकडून ऐकली होती.

"सेमीकोलन राहिलाय," तो म्हणाला.

"कुठल्या ओळीत?"

त्यानं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. बोट ठेवलं तिथेच, नखाच्या पुढे, सेमीकोलन होता.

व्यापारी फसकन हसला. संचालक हसले नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

"साचा तयार केलाय, पण त्यातून वस्तू काढलेलीच नाही," बाई सावकाश म्हणाल्या, वर्गात म्हणत असतील तशा. "न काढलेली वस्तू वापरायला घेतलीय. हा प्रोग्राम चालूच शकत नाही. पोरगं दहा वेळा टाइप करेल, आपलंच डोकं कमी आहे असं समजेल आणि पुस्तक मिटून टाकेल. हा तुम्ही निवडलेल्या पुस्तकातला आहे. एकेचाळिसावं पान."

एकेचाळिसावं. म्हणजे मळ खोटं बोलला नव्हता. एकतीस जणांनी बोटांनी लिहून दिलं होतं, आणि त्यानं ते बरोबर वाचलं होतं. सगळ्या शहरात हे पुस्तक त्याच्याइतकं कोणाला कळलं नव्हतं, लिहिणाऱ्यालाही नाही.

"छपाईची चूक," संचालक म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत काढतो."

"ते बघू. मला ह्यांना विचारायचंय." बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्हाला ही भाषा येते का?"

"नाही."

"कुठली तरी?"

"नाही."

"मग इतकी वर्षं पोरांना पुस्तकं कशावरून देत होतात?"

उत्तर त्याच्या ओठावर होतं. साधं, एका दमाचं. पण ते दिलं की बाई पुढचा प्रश्न विचारणार, मग ह्या पुस्तकाचा मळ कुठवर गेलाय? त्यानं संचालकांकडे पाहिलं. मागच्या दोन खोल्यांकडे पाहावं तसं. संचालकांनी ती नजर ओळखली, आणि त्याच्या आधी तेच बोलले.

"अंदाजानं, बाई. तोंड बघून द्यायचे. आम्ही पोरं भाबडी, आम्हाला वाटायचं ह्यांना कळतं. कॉम्प्युटर सुरू कसा करतात हे तरी ठाऊक आहे का, काका?"

"म्हणजे वांगी विकल्यासारखं," व्यापारी म्हणाला. "वरून दाबून बघायचं."

दोघं हसले. बाई हसल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं.

"माझी भाची अजून तुमचं नाव काढते," त्या म्हणाल्या. "म्हणते, पुस्तक निवडावं तर त्या माणसानं. म्हणून मी तुम्हाला बोलावलं. वाटलं, घरच्या पुस्तकाला नाही म्हणायची कोणाची छाती नाही, निदान हा तरी पान एकेचाळीस पकडेल. चला, तिचं नशीब चांगलं होतं म्हणायचं." त्यांनी कागद परत पिशवीत घातला. "माझं मत ह्या पुस्तकाच्या विरुद्ध. आणि ह्यांचं मत धरू नये."

"मत नोंदून झालंय," संचालक अदबीनं म्हणाले. "मत द्यायला ज्ञान लागतं असं नियमात कुठे आहे, बाई? दोन विरुद्ध एक. अकराही शाखांना लागलं."

"मग लायब्ररीच्या जागेसाठी तुम्ही ह्यांचं नाव काढलं होतंत, तिथे तरी ह्यांना घेऊ नका. तेवढं मी अध्यक्ष म्हणून सांगू शकते."

"छे हो, तो नुसता विचार होता. तुम्ही म्हणता तेच बरोबर." संचालकांनी वहीत ओळ लिहिली, तिच्याखाली रेघ मारली. त्यांचं काम झालं होतं.

आता त्याला अडवणारं काही नव्हतं. मळाचं बोलून मत फिरवलं असतं तर पुस्तक पडलं असतं. पण सेमीकोलनवर बोट ठेवणाऱ्याचं कोण ऐकणार? आणि ऐकलंच, तर आधी खोटं का बोललास हे विचारतील. नोकरी गेली म्हणून सूड घेतोय असं समजतील. तीस वर्षांचं एकुलतं एक खरं त्याच्याजवळ होतं, आणि ते ह्या खोलीत काढलं की तेही थापच ठरणार होतं. शिवाय आत कुठेतरी, जिथून तो मुलीच्या नखांकडे बघून बोलला होता तिथून, एक गार विचार वर आला. पोरांना अडकू दे. अकरा शाखा. सगळ्यांना एकेचाळिसाव्या पानावर अडकू दे.

"काही बोलायचंय का तुम्हाला?" बाईंनी विचारलं. आवाजात अजून थोडी जागा होती.

"काका, चहा तरी घेऊन जा," संचालक म्हणाले. "आलाच आहात तर."

तो उठला. खुर्ची टेबलाला लागेल अशी आत सारली. काचेच्या दाराला खांदा लावला, दार हललं नाही. मागून व्यापारी म्हणाला, "ओढायचंय, ओढायचंय ते." त्यानं दार ओढलं, आणि बाहेर गेला.