गाडीची पाठवणी

आमची गाडी पळत असली की थंड आणि थांबली की भट्टी. ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा मिळाला की आई मागच्या सीटवर पदर कानाभोवती गुंडाळून बसायची. सिग्नल लागला की एसीतून कोमट वारा यायला लागायचा आणि ती त्याच पदरानं वारा घ्यायची. सिग्नल लांबला की, "अगं, दार उघड, माझा जीव घाबरा होतोय!" भर रस्त्यात दार उघडायला निघालेल्या आईला आवरताना माझ्या नाकी नऊ यायचे.

हे सगळं उन्हाळा सुरू झाला तेव्हापासूनचं. रबाळ्याच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं आणि बाबांना म्हणाला, "काका, पंखा मस्त फिरतोय. गॅस कमी असेल." गॅस भरला. दुसऱ्यानं पंखा बघितला, तो फिरतच होता, म्हणून फिल्टर बदलला. तिसऱ्यानं सीटांना पांढरी कव्हरं घालायला सांगितली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! कोपरखैरण्याच्या सिग्नलला आम्ही आपले पुन्हा घामाघूम.

शेवटी एकदा वाशीच्या पुलाखाली अडकलो असताना आईला चक्कर आली आणि माझं डोकं फिरलं. घरी आल्याबरोबर मी जाहीर केलं, "बास झालं. गाडी विकायची. तुम्हाला कुठं जायचं असेल तर मी कॅब बुक करून देईन."

बाबांनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. तेच मला जास्त लागलं. त्यांनी उभा जन्म मार्केटात कांद्याच्या गोणींच्या नोंदी करण्यात काढला आणि रिटायर झाल्यावर, लोक काठी घेतात त्या वयात, स्टेअरिंग हातात घेतलं. साताऱ्याची भावकी हसली होती. पण आईला डॉक्टरकडे न्यायचं, देवळात न्यायचं, भाजीला न्यायचं, हे त्यांचं नवं काम झालं होतं आणि त्यात ते फार खूश होते. ही गाडी गेली तर ते दुसरी चालवणार नव्हते. मला ते कळत होतं, पण आईची चक्कर जास्त दिसत होती.

गिऱ्हाईक आठवड्याभरात मिळालं. दिघ्यात राहणारे, मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे एक चाचा, सुक्या मासळीचे व्यापारी. फोनवर बाबांनी एसीचं सगळं खरं सांगितलं. "चालेल काका, बनवून घेऊ," ते म्हणाले. बाबांनी त्यांना शब्द दिला, रविवारी दुपारी या आणि गाडी घेऊन जा.

रविवारी सकाळी बाबा "गाडी पुसतो" म्हणून खाली गेले ते वर येईनात. मी गॅलरीतून बघितलं तर इंजिन सुरू, एसी सुरू, काचा बंद, आणि हे आत नुसतेच बसलेले. तेवढ्यात आई ताट घेऊन निघाली. हळदकुंकू, नारळ, दही, उदबत्ती. म्हटलं, "आई, अगं गाडी विकतोय आपण, लग्न नाही लावून देत."

"घरातून जातेय ना? मग तशीच कशी पाठवू?"

सोसायटीतली चार माणसं बघत असताना तिनं बॉनेटला कुंकू लावलं, वर दह्याचं बोटही ठेवलं. मग समोर उभी राहून उदबत्ती ओवाळायला लागली, आणि खोकायलाच लागली. धूर सरळ तिच्या तोंडावर येत होता. डावीकडे सरकली, तरी तेच. मी वैतागले. "आई, वाऱ्याच्या तोंडाशी कशाला उभी राहतेस गं!"

"कुठला वारा? पान हलत नाहीये झाडाचं. ही गाडीच फुंकतेय माझ्यावर!"

बाबा दार उघडून असे बाहेर आले की मला वाटलं यांना काही चावलं. त्यांनी आईच्या हातातली उदबत्ती घेतली आणि पुढच्या जाळीसमोर धरली. धूर उलटा आला. त्यांनी गाडी पुसायचा पेपर जाळीला लावला, तो फडफडत त्यांच्याच पोटावर आला.

"आगं बाई, पंखा उलटा फिरतोय की गं!" बाबा ओरडले.

हिवाळ्यात पंख्याची मोटर जळाली म्हणून नवी बसवली होती. तेव्हा दोन वायरी अदलाबदल झाल्या असणार. एसी गार राहावा म्हणून पंख्यानं बाहेरची हवा आत ओढायची, तर आमचा पंखा आतली गरम हवा बाहेर ढकलत होता. पळत्या गाडीत समोरचा वारा त्याला पुरून उरायचा. गाडी थांबली की सगळा खेळ खलास. फिरतोय का, एवढंच सगळ्यांनी बघितलं होतं. कुठल्या बाजूला फिरतोय, हे कोणी बघितलंच नव्हतं.

रबाळ्याला जाऊन वायरी फिरवून घेतल्या. येताना लागोपाठ सिग्नल लागले आणि प्रत्येक सिग्नलला गार वारा. मी आनंदानं ओरडले. बाबा हसले, आणि मग त्यांनी घड्याळ बघितलं.

"बाबा, चाचांना फोन करून नाही म्हणू या."

"शब्द दिलाय," ते म्हणाले.

दुपारी चाचा आले, एसी लावून थांबल्या गाडीत बसले आणि खूश झाले. "काका, हा तर फ्रिज आहे! तुम्ही तर म्हणाला होता बिघडलाय." बाबांनी पंख्याची सगळी हकीकत सांगितली, उदबत्तीसकट. चाचा पोट धरून हसले आणि त्यांनी हात पुढे केला. बाबांनी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली, पण सोडली नाही. चाचांनी हलकेच ओढून बघितली. बाबांची बोटं काही सुटेनात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

चाचांनी आपला हात काढून घेतला. "काका, तुमचा शब्द मला पोचला. आता तो मीच तुम्हाला परत देतो. मला दुसरी गाडी मिळेल हो."

बाबांनी किल्ली मुठीत धरली. मग म्हणाले, "तुम्ही आलात कसे?"

"रिक्षानं. जाताना गाडी नेणार होतो ना."

"मग चला, दिघ्याला सोडतो तुम्हाला."

मी म्हटलं, मीही येते. पण मागची एक खिडकी आईनं केव्हाच धरली होती आणि ती आतून मला म्हणत होती, "तू राहा घरी. चार माणसं झाली की गाडीत उकडतं."