सातव्या डिस्कचा चिमटा

लिसांद्रो पेगेरोची सगळे टिंगल करायचे ती कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांवरून. सांतो दोमिंगोतल्या एका सरकारी इस्पितळात रुग्णांचे एक्स-रे साठवणारं कपाट एकोणीस वर्षं त्याच्या ताब्यात होतं. कपाटात बारा डिस्क, त्यांवर बारा चिमटे. चिमटा असेल तर आत कुणाचा तरी एक्स-रे आहे, हात लावायचा नाही. डिस्क रिकामी केली की चिमटा तो स्वतः काढायचा, आणि मगच तपासणी.

"कपाट आहे की वाळत घातलेलं धुणं?" नर्सबाई विचारायच्या. हसोत बापड्या! बिघाडाच्या वहीत त्याच्या नावावर आजवर एक ओळ नव्हती आणि निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्या कोऱ्या वहीचा त्याला केवढा अभिमान!

काराकासहून आलेली योसेलिन त्याच्या हाताखाली लागली ती तीन महिन्यांच्या बोलीवर. पोरगी हुशार, पण कायम धास्तावलेली. चुकलो तर नोकरी गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एका सकाळी सातव्या डिस्कचा दिवा पिवळा झाला, म्हणजे ती बिघडते आहे का ते तपासायला हवं. तपासणी म्हणजे तिच्यावर नवं काही लिहून बघायचं, आणि त्यात आतलं सगळं पुसलं जाणार. लिसांद्रो खालच्या मजल्यावर अडकला होता. योसेलिनने फोन लावला.

"दॉन लिसांद्रो, सातवी रिकामी केलीत ना? चिमटा अजून दिसतोय."

"आओरीता, पोरी, आओरीता!"

हा शब्दच मेला चावट. आमच्या सांतो दोमिंगोत त्याचा अर्थ मागाहून, बघू, दुपारकडे कधीतरी. तिच्या काराकासमध्ये मात्र आत्ताच, हे काय केलंच. तिने चिमटा काढला. मशीनने दोनदा विचारलं, "नक्की?" तिने दोनदा हो म्हटलं.

लिसांद्रो वर आला आणि टेबलावरचा चिमटा बघून कपाटाकडे धावला.

"अगं, काय केलंस हे!"

तपासणी थांबवली, पण सातवी पुसली गेली होती. उरलेल्या अकरांवरून ती पुन्हा भरता येते. मात्र तेवढ्यात दुसरी एखादी बंद पडली, तर हजारो लोकांचे एक्स-रे गेलेच. दोघं कपाटापुढे बसून राहिली. भात-राजम्याचे डबे कुणी उघडले नाहीत. चार वाजता सातवी भरली, तेव्हा योसेलिनला रडू फुटलं.

"वहीत माझं नाव लिहा," ती म्हणाली.

लिसांद्रोने वही ओढली. लिहिताना त्याला फार वाईट वाटलं, पण लिहिलं: 'नाही म्हणायचं होतं, आओरीता म्हणालो. चूक माझी. लि. पेगेरो.' आणि वही संचालकबाईंकडे द्यायला तिच्याच हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोघांना बोलावलं.

"एकोणीस वर्षं वही कोरी, आणि एका दिवसात दोन ओळी?"

"दोन?"

त्याने वही बघितली. त्याच्या सहीखाली बारीक अक्षरात होतं: 'चिमटा दिसत होता. तरी मी काढला. योसेलिन.'

"आता कामावरून काढू कुणाला?" बाईंनी विचारलं.

"बाई, मी आठ महिन्यांनी जातोच आहे. स्वतःच्या हाताने हे लिहिणारीच्या ताब्यात कपाट देऊन जाईन, तर घरी मला झोप लागेल."

बाईंनी वही मिटली आणि हिला कायम करा म्हणाल्या.

वर आल्यावर लिसांद्रोने खिशातून सातवीचा चिमटा काढून तिच्या हातावर ठेवला.

"लाव."

"आओरीता?" तिने डोळे पुसत विचारलं.

"तुझ्या गावचं आओरीता, पोरी. आमच्या नव्हे."