यादीतलं शेवटचं नाव

त्या सकाळी मला देवाकडून धीराचं एखादं वचन हवं होतं आणि पुढ्यात आली नावांची यादी. ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन सुरू झालं होतं. इंदिरानगरहून निघताना पवित्र शास्त्र पिशवीत टाकलं होतं, ते उघडून मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसले. अध्याय क्रमाने वाचायचा, सोयीचा शोधायचा नाही, ही आमच्या सासऱ्यांची शिस्त. क्रमाने आला तो दावीद राजाच्या शूरवीरांचा. अमक्याचा मुलगा तमका, अशी तीसेक नावं. आजवर मी असल्या याद्या चार नावं वाचून उरकल्या आहेत.

चर्चमध्ये प्रार्थनेसाठी आजाऱ्यांच्या नावांची चिठ्ठी मीच वाचते. गेल्या वर्षी मोठ्या जाऊबाई आजारी होत्या, पण सासूबाईंचं कुणी किती केलं यावरून आमचा अबोला होता. मी त्यांचं नाव गाळलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, अशी स्वतःची समजूतही घातली.

बाकावर शेजारी कळवणकडच्या एक बाई होत्या. त्यांचे मालकही आतच.

"ताई, जप करता का?"

"नाही, जुन्या लढवय्यांची नावं आहेत."

"मंग मोठ्यानं वाचा. आमच्या मालकांचं बी घाला त्यात. लय भ्या वाटतंय."

नाव विचारलं तर त्यांनी फाईल पुढे केली. नवऱ्याचं नाव त्या तोंडाने घेत नव्हत्या. रामदास.

मी वाचत गेले. शेवटचं नाव उरीयाचं. राजाने ज्याची बायको घेतली आणि ज्याला लढाईत पुढे उभं करून मारवलं, तोच हा. राजाची अब्रू राखायची तर लिहिणाऱ्याने हेच नाव आधी गाळलं असतं. त्याने गाळलं नाही. माझी कानशिलं तापली. कोणत्या तोंडाने मी देवापुढे ह्यांचं नाव घेत होते?

जाऊबाईंना फोन लावला. माझं रडणं ऐकून म्हणाल्या, "अगं, मी खालीच आहे, पार्किंगमध्ये. सकाळपासून. वर यावं की नाही, कळेना."

त्या आल्या. आम्ही दोघी दोन्ही नावं घेत राहिलो, त्या बाई डोळे मिटून ऐकत होत्या. जीव मुठीत होता, पण तो आता देवाच्या हवाली केला होता.

हे ऑपरेशनमधून वाचले. रामदासभाऊ आठवड्याने गेले. असं का, हे देवाला पुष्कळदा विचारलं, अजून कळलेलं नाही. त्याच्यापुढे पदर पसरायचा, पदरात काय पडावं ते ठरवायचं नाही, एवढंच उमगलं. आभार मानते, पण मान खाली घालून.

परवा त्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, तेवढं त्यांचं नाव घेत ऱ्हावा. मला अजून तोंडानं घेववत नाय."