कांतीच्या खोलीतला समुद्र

टोमॅटोची तोडणी चालू होती, तेवढ्यात दुकानातून फोन आला, "कांतीशेठ गेले." क्रेट तिथंच टाकून मी येडगावहून नारायणगावला निघालो… जगाला तो कापडवाला शेठ, मला मात्र शाळेपासून नुसता कांती.

नव्वदचं दशक सरता सरता हा पठ्ठ्या मुंबईहून काचेची टाकी, समुद्री मीठ आणि जिवंत पोवळं घेऊन आला. सह्याद्रीच्या या अंगाला समुद्र! मासा एकही नाही. जैनाच्या घरात माशाला कोळंबी कोण चारणार? पोवळं बापडं उजेडावर जगतं, म्हणून जमलं. गिऱ्हाईक आलं की आधी आतल्या खोलीत समुद्र, मग चहा, मग कापड! बाजाराच्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसे. धूळ नको म्हणून खिडक्या मात्र गच्च बंद.

आणि पोवळं मिटायला लागलं. पाण्याचा पीएच घसरत होता. विड्याच्या चुन्याची निवळी थेंब थेंब सोडून कांती तो वर आणी. बाजार झाला की पुन्हा खाली. त्याचं जेवण तुटलं. "जीव आणलाय घरी. मेला तर पाप माझ्या माथी," म्हणायचा.

शेवटी एका दुपारी आम्ही टाकीतलं भांडंभर पाणी गच्चीवर नेलं, त्यात हवेचा पंप सोडला. तासाभरानं तपासणीचे थेंब टाकले, तर रंग पालटलेला. पीएच वर! चुना नाही, काही नाही, नुसती मोकळी हवा. कांती माझा दंड धरून नाचायलाच लागला.

"पाणी चांगलंय राव, खोलीतली हवा कोंडलीय! एवढी माणसं श्वास सोडत्यात, तोच पाण्यात उतरतोय!"

"मग पावण्यांना नाय म्हण."

"पावण्यांना नाय? येडा का काय तू!"

दुसऱ्याच दिवशी त्यानं टाकी रस्त्याकडच्या खिडकीशी सरकवली, खिडक्या उघडून जाळ्या ठोकल्या आणि पाहुण्यांची बैठक ओट्यावर मांडली. समुद्र बघायचा तो बाहेरून! पोवळं फुललं तेव्हा गडी अख्ख्या बाजारात पेढे वाटत फिरला.

दुःखाच्या घरी आत जाऊन बसायची आपली रीत. त्या दिवशी माणसं लोटली होती. पण कांतीची बायको, सरलाभाभी, सुजल्या डोळ्यांनी दारातच उभ्या राहिल्या.

"रागावू नका, पण बाहेर बसा सगळे. आत गर्दी झाली तर त्यांचं पोवळं गुदमरेल."

रस्त्याच्या कडेला सतरंज्या पडल्या, सगळा गाव खाली बसला… आणि आतल्या रिकाम्या खोलीत पोवळं सगळी बोटं पसरून फुललेलं. मग मात्र मला रडू आवरेना.