केसांच्या रंगाचं अपील

मिरजगावच्या ज्ञानेश्वरीबाई गावोगाव 'खेळ पैठणीचा' चालवतात. गणपतीत, नवरात्रात हातात माईक घ्यायचा, बायांना उखाणे घ्यायला लावायचे, फुगे फोडायला लावायचे, जिंकेल तिला पैठणी द्यायची. वय अठ्ठेचाळीस, आणि बारा वर्षं हाच धंदा.

गेल्या वर्षी त्यांनी इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये पार्लरचा खर्च धंद्याचा म्हणून दाखवला. मेकअप, फेशियल, केसांचा रंग, सगळं. रिटर्न भरणारे आबासाहेब तेव्हाच म्हणाले होते, "ताई, हा खाजगी खर्च धरतात. नोटीस येईल."

"येऊ द्या की! घरी मी कवा लिपस्टिक लावून भाकरी थापली?"

नोटीस आली. आबासाहेबांनी खर्चाचा दावा मागे घेत असल्याचं पत्र तयार ठेवलं होतं. बाईंनी ते न वाचताच परत सरकवलं. "मला बोलायचंय. तसं कळवा."

सुनावणी कॉम्प्युटरवर, व्हिडिओतून झाली. बाई आबासाहेबांच्या ऑफिसात रोजच्याच साडीत येऊन बसल्या. महिनाभर रंग न लागलेले केस मुळाशी पांढरे. इन्कम टॅक्सचे साहेब पडद्यावरून बघतच राहिले.

"पाठवलेल्या कार्यक्रमाच्या फोटोतल्या बाई त्या तुम्हीच?"

"व्हय साहेब. फोटोतली कामावरची, ही घरातली."

"पण केस कोणीही रंगवतं. ती तुमची हौस झाली."

बाईंनी मोबाईल काढला. "जामखेडच्या एका मंडळाचा मेसेज वाचते. 'मॅडम, मागच्या वेळी केस पांढरे दिसत होते. यंदा दुसरीला बोलावलंय.' आता बोला, हौस कुनाची? मला तर रंग लावला की दोन दिवस डोकं खाजतं."

शेजारून आबासाहेब 'पुरे' म्हणून खुणावत होते. बाईंनी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

दीड महिन्यानं निकाल आला. कार्यक्रमाच्या दिवसांचा मेकअप मंजूर, फेशियल आणि केसांचा रंग नामंजूर.

आबासाहेबांना हेच खूप वाटलं. "राहिलेला टॅक्स किरकोळ आहे, ताई. भरा आणि मोकळ्या व्हा."

"टॅक्स भरते. पन हौस म्हनलेत, ते मला मान्य न्हाई. अपील करा."

"अहो, त्याची फी रंगाच्या खर्चाहून जास्त जाईल!"

"जाऊ द्या. कुठं सही करू?"

संध्याकाळी श्रीगोंद्याला कार्यक्रम होता. वाटेत त्या नेहमीच्या, अख्तरीच्या पार्लरमध्ये थांबल्या, केस काळेभोर करून घेतले आणि उठताना पक्कं बिल मागितलं.