आईची साखर उतरली तेव्हा

संत्र्याच्या वासाचं ग्लुकोज उघडलं की भाट्याच्या किनाऱ्यावरची ती संध्याकाळ आठवते. इन्सुलिन घेऊन आई काही न खाताच माझ्याबरोबर फिरायला आली होती. सुरूच्या बनात ती घामाने भिजली आणि माझा हात धरून हसली, “धाकटे, कधी आलीस गो तू?” धाकटी बहीण पुण्यात होती, आईजवळ मीच राहत होते. मी पिशवीतलं ग्लुकोज पाण्यात ढवळून तिला घोटघोट पाजलं. भानावर येताच ती म्हणाली, “अगो, तू होय.” दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “मेंदूतली वीज साखरेवर चालते. साखर उतरली की माणूस भलतंच बोलतो, मनावर घेऊ नका.” मला ते पटलं. पण उरल्यासुरल्या विजेवर तिला धाकटीच का दिसली? आजही धाकटीचा फोन आला की मी तो आईच्या हातात देते आणि आत निघून जाते.