सुएनो आंटींचा तिसरा आग्रह

हिलो या बेटावरच्या गावातल्या जपानी घरांत कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदाही 'नको'च म्हणायचं आणि तिसऱ्यांदा दोन्ही हात पुढे करायचे, हे सुएनो कानेमोरींना पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. पहिले दोन नकार रीतीचे. तिसऱ्यांदाही नकारच आला तर तो मात्र खरा, त्यानंतर तो विषयच काढायचा नाही.

या रीतीपायी त्यांच्या ओकाझुयात, म्हणजे तयार खाण्याच्या त्या बुटक्याशा दुकानात, काचेआडच्या प्रत्येक ताटात रोज एक नग उरायचा. शेवटचा उचलणार कोण? "घ्या की," "छे, तुम्हीच घ्या," असं करत दोन गिऱ्हाइकं अडून बसायची, मागची रांग दाराबाहेर जायची आणि अखेर दोघंही तो न घेताच निघून जायची. दुपारी दुकान आवरलं की आंटी ते सगळे एकुलते एक नग बशीत घेऊन बसायच्या. "हे सगळं लोकांच्या भिडेवर पोसलंय," म्हणत पोटावर थाप मारायच्या.

आंटी मुळातच वात्रट. बोट दाखवाल तेच डब्यात पडेल याची खात्री नाही. बँकेच्या मॅनेजरने रताळ्याचा टेम्पुरा, म्हणजे भजी, मागितला तर त्याला गोबोच्या मुळांची परतलेली भाजी मिळायची. वर भर रांगेत, "चेहऱ्यावरूनच कळतंय, तुझं पोट साफ नाही." तो लाजायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

अशी ही बाई एका माणसासमोर मात्र गप्प होती. सून डार्लीनसमोर.

आंटींच्या गुडघ्यांनी आता संप पुकारला होता. जागेचा करार संपत आला होता आणि मालकाला आठवडाअखेर उत्तर हवं होतं. मुलगा वेस्ली विमानतळावर नोकरीला, त्याला भातसुद्धा लावता येत नाही. डार्लीनच्या हाताला मात्र चव होती. तळलेल्या टोफूच्या पिशव्यांत आंबूस भात ती असा भरायची की पिशवी फुगायची पण फाटायची नाही. आंटींनी तिला एकदा गाजरं सोलता सोलता विचारलं होतं, "दुकान घेतेस का?" ती म्हणाली, "नको हो, मला कुठलं जमायला!" मग नववर्षाच्या मोचीसाठी, त्या गोळ्यांसाठी, चिकट भात कुटताना पुन्हा विचारलं. पुन्हा नको.

तिसऱ्यांदा विचारायची आंटींची छाती होईना. डार्लीन पडली मेदेरोसांची लेक. त्या पोर्तुगीज घरात जो नको म्हणेल तो उपाशी उठायचा. तिचं 'नको' आपल्या रीतीचं की माहेरच्या रीतीचं, कसं ओळखायचं? आणि तिसऱ्यांदाही ती नको म्हणाली तर दुकान संपलंच. न विचारलेलं बरं, निदान आशा तरी राहते.

शेवटी आंटींनी एक डाव रचला. निवृत्त पोस्टमन रोकुरो अंकल रोज रांगेत पहिले असत. त्यांना चार हॅश पॅटीज फुकट कबूल केल्या. "मी सगळ्यांसमोर दुकान तुम्हाला देऊ करते. तुम्ही तिन्ही वेळा नको म्हणायचं. दुकान परक्याच्या हाती जातंय म्हटल्यावर ती पोरगी काय तोंड करते ते मला बघायचंय."

"त्यात काय!" अंकल म्हणाले.

सकाळी रांग भरली तशा आंटी मोठ्याने म्हणाल्या, "रोकुरो-सान, माझं दुकान तुम्हीच का नाही चालवत?"

"छे छे, मी कसला!"

"अहो, घ्या."

"नको, नको, फार होतंय."

"घ्याच हो!"

अंकलनी तोंड उघडलं. पण सत्तरी उलटेपर्यंत अंगात मुरलेली सवय ती. मान आपोआप झुकली, दोन्ही हात पुढे आले. "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर..."

आंटींच्या हातातला चिमटा गळून पडला.

आतून डार्लीन बाहेर आली, कोपरापर्यंत पीठ. "अंकल, अंडं उकडता येतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग 'बरं' काय म्हणता?"

"अगं, तिसऱ्यांदा विचारलं ना! दुसरं काय म्हणू?"

ती सासूकडे वळली. "आणि आई, तुम्ही! यांना एका दमात तीनदा विचारलंत. मला दोनदा विचारून तोंडाला कुलूप!"

"तू नको म्हणालीस..."

"दोनदाच म्हणाले! तुम्हीच शिकवलंत ना, आधी नको म्हणायचं, हावरटासारखं करायचं नाही? माहेरी असते तर पहिल्याच वेळी हो म्हणून किल्ली मागितली असती. इथे आपली वाट बघतेय, आज विचारतील, उद्या विचारतील. म्हटलं, तुमच्या मनातच नसणार, दोनदा विचारलं ते वरवरचं."

आंटींनी कधी नव्हे तो एप्रन तोंडाला लावला. त्यामागे हसू होतं की आणखी काही, ते दिसलं नाही.

"डार्लीन," त्या म्हणाल्या, "दुकान घेतेस का ग?"

डार्लीनने पिठाचे दोन्ही हात पुढे केले. "हो. घेते."

"म्हणजे माझं गेलं?" रोकुरो अंकल म्हणाले.

"तुमच्या पॅटीज पण गेल्या," आंटी म्हणाल्या. "एक साधं 'नको' म्हणता आलं नाही तुम्हाला!" तरी डब्यात चार घातल्याच, वर एक शोयू चिकनची तंगडी.

मालकाला होकार कळवून झाल्यावर, दुपारी भांडी घासताना डार्लीन म्हणाली, "आई, आता उद्यापासून तुम्ही घरी आराम करायचा."

"नको ग."

"गुडघे बघा जरा. बसा घरी."

"नको म्हटलं ना."

डार्लीनने क्षणभर त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग गोबोची जुडी त्यांच्यासमोर ठेवली, वर सुरी ठेवली आणि तिसऱ्यांदा काही विचारलं नाही.